माती, गादी आणि यंत्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन प्राथमिक शिक्षकाचा पेशा पत्करला आणि त्याच पेशातून निवृत्त झालो. विद्वत्तेचा दावा आम्हांस करता येत नाही. परंतु आधुनिक यंत्रांचा खेळांवर झालेला परिणाम हा विषय त्यांनी सुचविला, तेव्हा मात्र आम्ही होकार दिला. या विषयात आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आपणां सर्वांसमोर कबूल करण्याची संधी पुन्हा मिळेलच, असे या वयात कोणी सांगावे? ती चूक आम्ही व्याख्यानाच्या ओघात योग्य स्थळी सांगूच. प्रथम विषयाकडे वळू.

यंत्र खेळात दोन वाटांनी शिरले आहे, असे आम्हांस दिसते. एका वाटेने ते पंच होऊन आले, आणि दुसऱ्या वाटेने खेळाडूच्या पायाखालची जमीन होऊन आले. पहिल्या वाटेची चर्चा घरोघरी होते. दुसरीची चर्चा फारशी कोणी करीत नाही. परंतु आमच्या मते खेड्यातील मुलाचे भवितव्य या दुसऱ्या वाटेवरच ठरत असते.

पंच झालेल्या यंत्राचे उदाहरण क्रिकेटमधून घेऊ. नोव्हेंबर १९९२ मध्ये आपला संघ दक्षिण आफ्रिकेत खेळत होता. दरबानच्या कसोटीत सचिन तेंडुलकर धाव घेण्यासाठी पुढे आला आणि परतताना यष्ट्या उडाल्या. मैदानावरील पंचांनी निर्णय न देता दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेल्या तिसऱ्या पंचांकडे तो सोपविला, आणि सचिन धावबाद ठरला. तिसऱ्या पंचाच्या निर्णयाने बाद झालेला कसोटी क्रिकेटमधील हा पहिला फलंदाज. मुंबईच्या मैदानांत घडलेला आपलाच मुलगा या नव्या न्यायासनापुढे सर्वप्रथम उभा राहिला! पुढे २००८ साली पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याची पद्धत श्रीलंकेतील कसोटी मालिकेत आजमावण्यात आली. त्या अनुभवानंतर आपल्या देशाच्या क्रिकेट मंडळाने परदेशी संघांबरोबरच्या मालिकांत ही पद्धत कित्येक वर्षे नाकारली, आणि अखेर २०१६ साली, इंग्लंडचा संघ येथे आला तेव्हा, ती प्रयोगादाखल स्वीकारली. नवे साधन आधी नाकारावे आणि पुष्कळ काळ लोटल्यावर स्वीकारावे, हा मनुष्यस्वभावच आहे. आमचाही स्वभाव याहून निराळा निघाला नाही, हे पुढे दिसेल.

यंत्राचा न्याय फार बारीक असतो. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ५५.४२ सेकंदांत धावली. रुमानियाच्या स्पर्धकाची वेळ होती ५५.४१ सेकंद. सेकंदाच्या शंभराव्या भागाने उषाचे कांस्यपदक गेले. हा फरक मनुष्याच्या डोळ्यास दिसण्यासारखा नव्हता. तो छायाचित्रावरून ठरला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो वजनगटाच्या अंतिम कुस्तीपर्यंत पोहोचली होती, आणि त्या दिवशी सकाळी वजनाच्या काट्याने १०० ग्रॅम अधिक दाखविले. तिला स्पर्धेतून बाद ठरविण्यात आले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या दिवशी जेवण गोड लागले नसेल. काटा निर्दय आहे असे आम्हांसही वाटले.

परंतु या निर्दयपणास दुसरीही बाजू आहे. आमच्या तरुणपणी जत्रेच्या फडात निकालावरून किती भांडणे होत, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक आहे. पाठ लागली की नाही, यावर गावेच्या गावे एकमेकांवर उठत. ज्या मल्लाच्या पाठीशी मोठे गाव, मोठे घर, त्याच्या बाजूने पुष्कळदा निकाल झुके; आणि लहान गावचा, लहान ज्ञातीचा पोरगा अंगावरची माती झाडीत मुकाट घरी जाई. आपल्या ज्ञातीतील मुलांनी हे सोसले आहे. चलत्‌चित्र टिपणाऱ्या यंत्रास मल्लाचे गाव कळत नाही, आडनाव कळत नाही, वशिलाही कळत नाही. ज्याला कोणाचा वशिला नाही, त्याने अशा पंचाचे स्वागतच केले पाहिजे. चित्र पाहून निकाल सांगणारा शेवटी मनुष्यच असतो आणि तोही चुकू शकतो, हे खरे. पण निदान आता चूक शेकडो डोळ्यांसमोर होते.

यंत्रास मर्यादाच नसावी, असे मात्र आम्हांस सुचवावयाचे नाही. साधन जेव्हा खेळाडूच्या जागी स्वतःच खेळू लागते, तेव्हा त्याला अडवावे लागते. पोहण्याच्या स्पर्धांत एक असा पोशाख आला होता की, तो अंगात चढविला म्हणजे शरीर पाण्यात अधिक वर तरंगे आणि पाण्याचा विरोध कमी होई. २००९ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले गेले. विक्रम पोहणाऱ्याने केला की कापडाने, असा प्रश्न उभा राहिला आणि १ जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांस बंदी झाली. सुज्ञ मंडळींनी सीमारेषा आखली आणि खेळ पुन्हा खेळाडूच्या हाती आला. अशी रेषा आखता येते, एवढे ध्यानात असले म्हणजे नव्या साधनाची भीती निम्मी कमी होते.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. १९७५ च्या मार्च महिन्यात क्वालालंपूर येथे आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानचा २-१ असा पराभव करून विश्वचषक जिंकला. त्या सामन्याचे वर्णन आम्ही रेडिओभोवती कोंडाळे करून ऐकले होते. नोकरीही तेव्हा लागली नव्हती. पण जणू तो चषक आमच्याच घरी आला, अशा आनंदात आम्ही त्या रात्री झोपलो. पुढच्याच वर्षी माँट्रियल येथे ऑलिंपिक भरले आणि १९२८ ते १९५६ पर्यंत सलग सहा सुवर्णपदके जिंकणारा आपला देश सातव्या क्रमांकावर गेला. एका वर्षात आपले खेळाडू खेळ विसरले काय? तसे नव्हते. जमीन बदलली होती. ऑलिंपिकमधील हॉकी त्या वर्षी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली.

यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. नैसर्गिक गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो, वाट बदलतो. त्याला काठीने थांबवून मनगटाच्या कसबाने वळवीत नेणे, ही आपल्या खेळाडूंची पिढीजात विद्या. कृत्रिम गवतावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. तेथे लांब फटका, अखंड धावपळ आणि दमश्वास यांचे मोल वाढले. जी विद्या आपण अर्धशतक कमावली होती, तिचे बाजारमूल्य एकाएकी उतरले. आपल्या हॉकीच्या ऱ्हासास इतरही कारणे होती. सारा दोष गवताच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण आपला मुलगा गवतावर शिके आणि परदेशात प्लास्टिकवर परीक्षा देई, हे खरे होते. १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळाले, परंतु त्या वर्षी अनेक देशांनी तेथे बहिष्कार घातला होता. त्यानंतरचे ऑलिंपिक पदक थेट टोकियोत, २०२१ साली मिळाले. मध्ये ४१ वर्षे गेली. २००८ साली तर आपला संघ ऑलिंपिकला पात्रही ठरला नव्हता.

हे दुष्टचक्र फिरले कसे? ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्याकडे पाहावे. हा आदिवासी भाग. तेथील मुले वाड्यावस्त्यांवर बांबूच्या काठीने हॉकी खेळत मोठी होतात. त्या भागात कृत्रिम मैदाने होत गेली, आणि २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघाचा भारही उचलला. टोकियोच्या पदकविजेत्या संघात त्या एका जिल्ह्याचे दोन खेळाडू होते. त्या मुलांचे गुण आधीही होते. नवी जमीन त्यांच्या गावाजवळ आली, हा फरक पडला.

बंधुभगिनींनो, हॉकीची ही कथा आम्ही इतक्या विस्ताराने सांगितली, ती आपल्या तालमीच्या दारापर्यंत येण्यासाठी. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत कुस्ती खेळलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. खाशाबांनी त्या पराभवाचे सोंग किंवा सुतक केले नाही. गादीवरच्या कुस्तीचे नियम आणि चपळाई त्यांनी आत्मसात केली, आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, असे सांगतात. आम्ही शिक्षक असल्यामुळे ही हकीकत आम्ही वर्गात दरवर्षी सांगत असू. मुले टाळ्या वाजवीत. तिचा अर्थ मात्र आम्हांस स्वतःस उशिरा कळला.

येथे आम्हांस आमची चूक सांगावयाची आहे.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या मागील तालीम आपणांस ठाऊक आहे. तांबड्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून वस्तादांनी ती पोटच्या पोरासारखी सांभाळली आहे. २०१५ साली मंडळापुढे एक प्रस्ताव आला की, तालमीशेजारी पत्र्याची शेड उभारून तीत कुस्तीची गादी घ्यावी. त्या सभेत आम्ही विरोधात भाषण केले. मातीस जो मान आहे तो रबराच्या गादीस नाही, गादीवर घडतो तो मल्ल नव्हे, आणि आपल्या पूर्वजांची विद्या आपण विकू नये, असे आम्ही म्हणालो. भाषण चांगले झाले. टाळ्याही पडल्या. प्रस्ताव फेटाळला गेला. सभेच्या इतिवृत्तात ते शब्द आजही आहेत. गेल्या महिन्यात आम्ही ते पुन्हा वाचून आलो.

पुढच्या वर्षी वसतिगृहातील एक मुलगा जिल्ह्याच्या शालेय कुस्ती स्पर्धेस गेला. त्याचे नाव आम्ही घेत नाही. वडील ऊसतोड कामगार, आई त्यांच्याबरोबर फडावर. मुलगा मातीत असा तयार झालेला की, त्याच्या वयाचा एकही मल्ल पंचक्रोशीत त्याच्यापुढे टिकत नसे. आम्ही हौसेने त्याच्याबरोबर गेलो होतो. कुस्ती गादीवर होती. गादीवर बूट लागतात. ते कोणाकडून तरी मागून आणले, आणि ते त्याला सैल होत होते. मातीत मल्ल चार पावले मागे सरून अंदाज घेतो, त्यात काही गैर नाही. गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते आणि त्याबाहेर पाय गेला की प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. आमचा मुलगा सवयीने मागे सरला. एक गुण गेला. पुन्हा सरला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही तेच. मग समोरच्याने एकेरी पट काढून दोन गुण घेतले आणि लागोपाठ दोन भारंदाज मारून आणखी चार. उठून सावरतो न सावरतो तोच पाय पुन्हा बाहेर. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबवितात. दोन मिनिटेही पुरी झाली नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा रडत नव्हता. गोंधळून गेला होता. आमच्याकडे पाहून त्याने विचारले, “गुरुजी, पण माझी पाठ कुठं लागली?”

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. चीतपट होईपर्यंत कुस्ती हरत नाही, हे आम्हीच त्याला शिकविले होते. ज्या खेळाची परीक्षा तो देत होता, त्या खेळाची जमीन त्याने त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. आणि ती त्याला दिसू नये अशी व्यवस्था मागील वर्षी आम्ही टाळ्यांच्या गजरात केली होती. त्यानंतर त्याने एक हंगाम तालमीत काढला, मग सोडले. आज तो पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीस आहे, संसार नीट चालला आहे, सणावारी भेटला की वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस जड जातो.

आता पुन्हा तोच प्रस्ताव उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे, आणि आमचेच जुने शब्द कोणीतरी उच्चारील, म्हणून त्यांचे उत्तर आम्हीच दिलेले बरे.

पहिला आक्षेप असा की, गादी आली म्हणजे माती जाईल. का जावी? महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत. अंगातील रग, मानेची ताकद, दमश्वास हे मातीत कमवावे. चपळाई, गुणांचा हिशेब आणि वर्तुळाचे भान गादीवर शिकावे. सहा मिनिटांची कुस्ती, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग. तेथे घाईने नव्हे, पण वेळेने खेळावे लागते. ज्याला दोन्ही भाषा येतात, त्याचे दोन्हीकडे चालते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. शेड आणि गादी मिळून काही लाखांचा खर्च आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु साधने महाग होत चालली आहेत, म्हणूनच एकट्याच्या बळावर गरिबाचा मुलगा आता पुढे जाऊ शकत नाही. लाल मातीचा हौद गावकरी श्रमदानाने करीत. गादी श्रमदानाने होत नाही. जे एका घरास झेपत नाही ते शंभर घरांनी मिळून करावयाचे, यासाठीच तर आपल्या वाडवडिलांनी हे मंडळ काढले, हे वसतिगृह बांधले. श्रीमंताचा मुलगा शहरात जाऊन गादीवर शिकेलच. मंडळ आहे ते ऊसतोडीवर गेलेल्या आईबापांच्या मुलासाठी आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, आनंदाची आहे. पुष्कळ जुन्या तालमींत मुलींस आजही प्रवेश नाही. गादीने मात्र मुलींसाठी दार उघडले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून स्त्रियांची कुस्ती तेथे आहे, आणि २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिकने कांस्यपदक आणले. आपल्या ज्ञातीतील चार मुली सध्या शेजारच्या तालुक्याच्या गावी एस.टी.ने जाऊन गादीवर सराव करतात आणि दिवेलागणीनंतर घरी पोहोचतात. त्यांचा तो प्रवास वाचला, तरी गादीचे निम्मे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.

आणि जे यंत्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याविषयीही एक शब्द. मुले दिवसभर मोबाईलच्या पडद्यावर दुसऱ्यांचे खेळ पाहत बसतात, अशी आपली सर्वांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. परंतु मागील पावसाळ्यात वसतिगृहातील मुलांनी त्याच मोबाईलवर आपल्या सरावाचे चित्रण केले आणि संथ गतीने वस्तादांस दाखविले. वस्ताद प्रथम रागावले. मग चष्मा मागविला. मग म्हणाले, “परत एकदा दाखव.” मुलाचा डावा पाय पट काढताना अर्धे पाऊल मागे राहत होता. चाळीस वर्षे मल्ल घडविणाऱ्या नजरेलाही जे वेगात निसटले होते, ते त्या पडद्याने पकडले. आणि ते कसे सुधारावे हे मात्र वस्तादांनीच सांगितले. यंत्र आणि गुरू यांचे भांडण लावण्याचे कारण नाही. दोघांची कामे निराळी आहेत.

२०२४ साली आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्याच्या गोळीचा वेध विजेवर चालणाऱ्या लक्ष्याने गुणाच्या दहाव्या भागापर्यंत मोजला. अंतिम फेरीत त्याचे ४५१.४ गुण झाले. डोंगरकपारीतील खेड्याचा मुलगा आणि दशांश मोजणारे यंत्र यांची गाठ पडू शकते, ही आशेची गोष्ट आहे. मात्र ७२ वर्षे हा काळ फार मोठा आहे. त्या काळात किती मुले “माझी पाठ कुठं लागली?” असे विचारून परत फिरली असतील, त्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही.

म्हणून आमची सभेस हात जोडून विनंती आहे. मंगल कार्यालयाचा वरचा मजला एक वर्ष थांबू शकतो. लग्ने खालच्या मजल्यावरही लागतात. चौदा वर्षांचा मुलगा एक वर्ष थांबू शकत नाही. तो पंधरा वर्षांचा होतो. तो निधी यंदा गादीकडे वळवावा, हा प्रस्ताव उद्या आम्ही स्वतः मांडणार आहोत. २०१५ सालच्या इतिवृत्तात आमचा विरोध नोंदलेला आहे, त्याच वहीत आमची ही माघारही नोंदली जावी. आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. रक्कम अल्प आहे. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले होते. आमच्यावर तेवढी वेळ आलेली नाही.

वस्तादांस एक सांगणे आहे. हौदातील मातीस नेहमीप्रमाणे ताक-हळद पडत राहील, तिची पूजा दसऱ्यास होईल, आणि गादीवर जाणारा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आधी तिला हात लावून कपाळी टिळा लावील. त्यात काहीही उणे पडणार नाही.